पडलेला रायडर परत ट्रॅकवर जाणार की नाही, हे माईकवर ठरवू नका

प्रति,
डर्ट ट्रॅक व मोटोक्रॉस स्पर्धांचे आयोजक, क्लबचे पदाधिकारी आणि निवेदक मंडळी,
पश्चिम महाराष्ट्र.

स. न. वि. वि.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पावसाळा संपून रानं वाळली की आपल्याकडे डर्ट ट्रॅकचा, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींचा हंगाम लागतो, आणि मग माझे बरेचसे रविवार तुमच्या मैदानावरच्या मेडिकलच्या मांडवात जातात. तुमच्यातले पुष्कळ जण मला ओळखतात, "मॅडम, तेवढी पट्टी बांधा" इतपत तरी. गाड्यांशी माझं वैर नाही. धाकटा भाऊ रेस करायचा, त्याच्यामुळेच मी या धुळीत आले. तेव्हा 'या बाईला रेस बंद पाडायचीय' असं वाटून पत्र खाली ठेवू नका.

मागणी आधीच सांगते. रायडर डोक्यावर पडला, किंवा हाड मोडल्याची शंका आली, तर त्या दिवशी तो परत ट्रॅकवर जाणार की नाही हे मांडवातल्या डॉक्टरने ठरवावं. रायडरने ठरवू नये, त्याच्या वडिलांनी, मेकॅनिकने आणि स्पॉन्सरनेही ठरवू नये, आणि तुम्ही तर नाहीच नाही. डॉक्टर एकदा नाही म्हणाला की विषय संपला. त्यावर माईकवरून एक शब्दही येऊ नये.

गेल्या हंगामात एका मैदानावर सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा टेबलटॉपवरून, म्हणजे सपाट माथ्याच्या मातीच्या उंचवट्यावरून उडाला तो गाडीच्या पुढे जाऊन डोक्यावर पडला. आपला आपण उठला. मांडवात आला तेव्हा हातपाय ठीक होते. फक्त तो मला विचारत होता, "ताई, कितवी हीट (फायनलआधीची फेरी) चाललीय?" मी सांगितलं. मिनिटाभरात परत तेच. परत सांगितलं, परत तेच. बाहेर माईकवर "उठला! वाघ उठला! याला म्हणतात काळीज!" चालू, शिट्ट्या चालू. तिकडे मेकॅनिक हँडल सरळ करत होता. डॉक्टर म्हणाले, सोडणार नाही. तेवढ्यात कमिटीतले एक जण आत आले आणि अगदी गोडीने म्हणाले, "मॅडम, फायनलला पब्लिक त्याच्यासाठी थांबलंय, सोडा की." तो गेला. चौथा आला, टाळ्या पडल्या, कुणाला काही झालं नाही.

माझी खरी अडचण तिथेच आहे. काही झालं नाही म्हणून पुढच्या वेळीही सोडतील. चारेक दिवसांनी तोच पोरगा आईबरोबर माझ्याकडे मानेसाठी आला. उजेड सहन होत नव्हता, वाचायला बसलं की मळमळायचं, आयटीआयला जाणं बंद झालं होतं. हे मैदानावर कुणी पाहत नाही. मैदानाला तो फक्त फायनलमध्ये दिसला.

आता तुमच्या ग्रुपवरच्या त्या फोटोबद्दल बोलते. फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींतला ड्रायव्हर निकी लाउडा, त्याचा फोटो. भाजलेलं कपाळ, अर्धा गेलेला कान, डोक्याला पट्ट्या, आणि खाली 'जिद्द' किंवा 'मर्द' असं काहीतरी. दर हंगामाच्या सुरुवातीला तो फिरतो. फोटो खरा आहे, गोष्टही खरी आहे, पण ती अर्ध्यावर तोडलेली आहे.

१ ऑगस्ट १९७६, जर्मनीतलं न्यूर्बुर्गरिंग. डोंगरझाडीतून वळणं घेत जाणारा जवळपास तेवीस किलोमीटरचा ट्रॅक. एवढ्या लांब ट्रॅकवर आग विझवणारी, माणसं काढणारी मंडळी पुरतील कशी, इथे शर्यत नको, असं लाउडाच म्हणत होता. ड्रायव्हरांच्या मतदानात त्याची बाजू पडली. शर्यत झाली आणि दुसऱ्याच लॅपला त्याची फेरारी कडेला आदळून पेटली. त्याला बाहेर काढलं ते तिथे येऊन थांबलेल्या चार ड्रायव्हरांनी: मेरझारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि एर्टल. चेहरा भाजला होताच, पण जिवावर बेतलं ते फुफ्फुसात गेलेल्या विषारी वायूंमुळे. हॉस्पिटलमध्ये पाद्रीने येऊन शेवटचे विधीसुद्धा केले. आणि १२ सप्टेंबरला, सहा आठवड्यांत, हा माणूस इटलीतल्या मोंझाला परत गाडीत बसला आणि चौथा आला.

तुमची पोस्ट इथे संपते. पुढचं मी सांगते.

तो अंथरुणात होता तेव्हाच फेरारीने कार्लोस रॉयटेमान या दुसऱ्या ड्रायव्हरला करारात घेतलं होतं. म्हणजे घाई फक्त जिद्दीची नव्हती, गाडी हातची जाण्याचीही होती. मोंझाला शुक्रवारी सरावाला तो बसला तेव्हा भीतीने त्याला गाडी चालवता येईना. बाहेर मात्र त्याने सांगितलं की भीतीवर आपण लगेच मात केली. ते खोटं होतं, हे पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने स्वतःच कबूल केलं. आपण पोरांना जे पोस्टर दाखवतो, त्यातला माणूस त्या दिवशी आतून असा होता.

मग २४ ऑक्टोबर, जपानमधलं फुजी, मोसमाची शेवटची शर्यत. लाउडा प्रतिस्पर्धी जेम्स हंटच्या तीन गुणांनी पुढे. पाऊस असा की पुढची गाडी दिसेना. भाजलेल्या पापण्यांमुळे लाउडाला डोळे नीट मिटता येत नव्हते. दोन लॅप झाल्या आणि तो पिटमध्ये येऊन गाडीतून उतरला. फेरारीचे मुख्य इंजिनीअर माउरो फॉर्गिएरी त्याला म्हणाले, आपण इंजिन बिघडलं म्हणून सांगू. केवढी सोय होती ती! लाउडाने ती नाकारली. मी उतरलो कारण हे धोक्याचं होतं, तेच सांगा, म्हणाला. हंट तिसरा आला आणि एका गुणाने विश्वविजेता झाला, ६९ विरुद्ध ६८. पुढच्याच वर्षी लाउडा परत विश्वविजेता झाला आणि १९८४ मध्ये आणखी एकदा.

फुजीचा फोटो तुमच्या ग्रुपवर मी कधी पाहिला नाही. मला विचाराल तर मोंझाला बसण्यापेक्षा फुजीला उतरणं अवघड होतं. मोंझाला सगळा इटली त्याच्या बाजूने होता. फुजीनंतर त्याच इटलीतले लोक त्याला भित्रा म्हणत होते.

दुसरी पोस्ट मोटरसायकल रेसर मार्क मार्केझची. 'दंड मोडला आणि सहाव्या दिवशी गाडीवर!' १९ जुलै २०२० ला स्पेनमधल्या हेरेझला तो पडला, उजव्या दंडाचं हाड मोडलं. २१ तारखेला ऑपरेशन, प्लेट-स्क्रू. त्याच ट्रॅकवर पुढच्या रविवारी दुसरी शर्यत होती. तपासणीत तो पास झाला आणि शनिवारी खरोखरच गाडीवर बसला. पात्रता फेरीपर्यंत टिकला, मग हाताने साथ सोडली आणि त्याने माघार घेतली. पोस्ट इथवर.

ऑगस्ट उजाडला आणि घरातलं एक मोठं दार-खिडकी सरकवताना ती प्लेट तुटली. पुन्हा ऑपरेशन. अख्खा हंगाम गेला. डिसेंबरमध्ये तिसरं ऑपरेशन, आठ तासांचं, कमरेचं हाड काढून लावलं, जंतुसंसर्ग निघाला. एप्रिल २०२१ मध्ये तो परतला, पण हात पूर्वीचा नव्हता. जून २०२२ मध्ये अमेरिकेत चौथं ऑपरेशन, त्यात दंडाचं हाड कापून फिरवून बसवावं लागलं. २०१९ मध्ये जिंकलेलं विश्वविजेतेपद त्याला परत मिळालं ते सप्टेंबर २०२५ मध्ये, जपानमध्ये. घाईघाईने परत येणं ही चूक होती, हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे.

प्लेटबद्दल दोन शब्द, कारण मांडवात मला रोज ऐकावं लागतं की "प्लेट टाकलीय मॅडम, आता काय होतंय?" प्लेट हाडाऐवजी नसते. हाड जुळेपर्यंत तुकडे जागेवर धरून ठेवणं एवढंच तिचं काम. हाड धरायच्या आत तुम्ही त्यावर रोज जोर दिलात, तर सगळा भार त्या धातूवर जातो, आणि तार मागेपुढे वाकवत राहिलं की जशी तुटते तशी तीही तुटते. बाहेरून टाके सुकलेले, दुखणं गोळीने दबलेलं, पोरगा मूठ आवळून दाखवतो. मूठ आवळता येते म्हणजे स्नायू चालू आहेत. आतल्या हाडाचं त्यातून काहीच कळत नाही. मार्केझला तपासणीत पास करणारेही जाणते डॉक्टर होते, म्हणून मी असंही म्हणत नाही की डॉक्टर कधी चुकत नाही. पण त्याच्याभोवती जगातलं उत्तमातलं उत्तम सगळं असताना हे झालं. आपल्याकडे तर खांदा निखळून बसवला की तासाभरात पोरगा गाडीला किक मारत असतो.

दुसरा मोटरसायकल रेसर होर्हे लोरेंझो, त्याचंही तसंच. २०१३ मध्ये असेनला गुरुवारी कॉलरबोन मोडलं, विमानाने बार्सिलोनाला जाऊन रातोरात प्लेट बसवली, शनिवारी शर्यतीत पाचवा! मीही तेव्हा टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या असत्या. दोन आठवड्यांनी जर्मनीत तो परत पडला, प्लेट वाकली, ती शर्यत हुकली आणि वर्षअखेर विश्वविजेतेपद चार गुणांनी गेलं.

हाडाचं मोडणं एक्स-रेत तरी दिसतं. डोक्याचं दिसत नाही, आणि माझी मोठी काळजी डोक्याचीच आहे. मेंदूला हादरा बसला की बहुतेक वेळा शुद्ध जात नाही. सीटी स्कॅन बहुधा नॉर्मल येतो. स्कॅन रक्तस्राव शोधतो, हादरा त्यात उमटत नाही. त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो. आणि ज्याला विचारायचं की "ठीक आहेस का," त्याचा मेंदूच त्या वेळी जागेवर नसतो. म्हणून "रायडर स्वतः म्हणतोय ना ठीक आहे" या वाक्याला माझ्या लेखी किंमत शून्य आहे. आधीचा हादरा मुरायच्या आत दुसरा बसला तर, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर हाती काही उरत नाही.

अमेरिकेतला मोटार रेसर डेल अर्नहार्ट ज्युनिअर घ्या. त्याचे वडील, डेल अर्नहार्ट, फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाला शेवटच्या लॅपला भिंतीवर आदळून गेले. कवटीच्या तळाचं हाड मोडलं होतं. त्यानंतर त्याच वर्षी तिथल्या मोटार शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार या संस्थेने डोकं आणि मान धरून ठेवणारा पट्टा सक्तीचा केला. आता विचार करा, ज्याच्या घरात हे घडलंय, त्या पोराने तरी डोक्याची दुखापत लपवू नये. त्याने लपवली. २०१२ मध्ये टायरच्या चाचणीत जोरात आदळला, आपलं काहीतरी बिघडलंय हे कळत होतं, गप्प बसला आणि शर्यती चालू ठेवल्या. ऑक्टोबरमध्ये टॅलाडेगाला परत आदळला, तेव्हा डॉक्टरकडे गेला आणि दोन शर्यती बाहेर बसला. २०१६ मध्ये अर्धा हंगाम घरी. चालताना तोल जायचा, नजर एका जागी ठरायची नाही. पिट्सबर्गच्या तज्ज्ञांनी नजरेचे आणि तोलाचे व्यायाम महिनोन्‌महिने करून घेतले. मला त्या भागात जास्त रस आहे, कारण तो माझ्या धंद्याचा भाग आहे: डोकं हलवताना एका अक्षरावर नजर धरणं, एका रेषेवर चालणं, असले कंटाळवाणे प्रकार. त्याचं कुणी पोस्टर करत नाही. होणारही नाही. २०१७ अखेर त्याने पूर्ण वेळ रेसिंग थांबवलं. त्याआधी आपला त्रास तो मोबाइलमध्ये गुपचूप टिपून ठेवायचा, हे त्याने नंतर उघड केलं.

याउलट सर्जिओ पेरेझ. २०११, फॉर्म्युला वनमधलं पहिलंच वर्ष, वय एकवीस. मोनाकोच्या पात्रता फेरीत आदळला, डोक्याला हादरा, शर्यत हुकली. दोन आठवड्यांनी कॅनडात सरावाला उतरला. पहिलं सत्र झालं आणि त्याने स्वतः संघाला सांगितलं, मला बरं वाटत नाहीये. त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर बसवला. पुढच्या शर्यतीला पेरेझ परत आला आणि त्यानंतर कितीतरी वर्षं फॉर्म्युला वनमध्ये टिकला. पहिल्याच वर्षी, जागा जाण्याची भीती असताना, एवढं बोलायला किती दम लागला असेल? आपल्या एखाद्या पोराने हे केलं तर माईकवर काय ऐकू येईल, ते तुम्हीच सांगा.

पोरं का लपवतात हे मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. एंट्री फी भरलेली असते. गाडीचे हप्ते चालू असतात, टायर उधारीवर आणलेले असतात. दोन गावांकडून पैसे घेतलेले असतात आणि वडील सुट्टी टाकून आलेले असतात. खरं बोललं की हे सगळं बुडतं. म्हणून पोरांना नुसतं प्रामाणिक राहा म्हणून भागणार नाही. खरं बोलणं त्यांना परवडेल असा नियम तुम्ही करायला हवा.

असा नियम काय करू शकतो ते बघा. फेब्रुवारी २०१५ मध्ये नॅस्कारचाच ड्रायव्हर काइल बुश डेटोनाला काँक्रीटच्या उघड्या भिंतीवर आदळला. उजवा पाय मोडला, डावं पाऊल मोडलं. नॅस्कारमध्ये अजिंक्यपदाच्या फेरीत जायचं तर हंगामातल्या सगळ्या शर्यतींत भाग घ्यावा लागायचा. पण दुखापतीसाठी त्यातून सूट देण्याची तरतूद होती. बुशने अकरा शर्यती सोडल्या, पाय बरे केले, मे महिन्यात परतला, सूट मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये त्याच वर्षीचा विजेता झाला. कणखरपणा होताच. मोडलेला पाय घेऊन तीन महिने व्यायाम करणं काय असतं ते मी रोज बघते. पण ती सूट नसती तर तो कदाचित पाचव्या आठवड्यातच लंगडत गाडीत बसला असता, आणि मग ही गोष्ट वेगळी सांगावी लागली असती. दुसरं म्हणजे डेटोनाच्या व्यवस्थापनाने "ड्रायव्हरने जोखीम पत्करली होती" असं म्हणून हात झटकले नाहीत. चूक आपली, असं त्यांनी जाहीर सांगितलं आणि उघड्या भिंतींना धक्का शोषणारी कुंपणं बसवायला घेतली.

तेव्हा तुम्ही एवढं करा. डॉक्टरने थांबवलेल्या रायडरची एंट्री फी पुढच्या फेरीला वळती करा. मालिका असेल तर त्याला त्या दिवसापुरते काही गुण द्या, किती ते तुम्ही बसून ठरवा, किंवा प्रत्येकाची एक सर्वांत वाईट फेरी हिशेबातून वगळा. बक्षिसाच्या रकमेत एका ट्रॉफीचा खर्च कमी केला तरी हे बसतं. हजार-दोन हजारांसाठी जीव धोक्यात घालणारा पोरगा मूर्ख नसतो, त्याला दुसरा रस्ताच ठेवलेला नसतो.

"आमच्याकडे फॉर्म्युला वनचे पैसे नाहीत मॅडम." मान्य. तुमच्याकडे हेलिकॉप्टर मागत नाही. पण पैशाने काय होतं आणि कशाने होतं, तेही पाहा. १९९५ मध्ये ॲडलेडला मिका हॅकिनेनची गाडी टायर फुटून भिंतीवर गेली, कवटीला फ्रॅक्चर, श्वास अडकला. ट्रॅकच्या कडेला उभ्या असलेल्या स्थानिक डॉक्टरांनी तिथल्या तिथे गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट मोकळी केली. तो पुढे १९९८ आणि १९९९ चा विश्वविजेता झाला. छेद द्यायला लागलं काय? एक धारदार पातं, एक नळी, आणि ते कधी करायचं हे जाणणारा माणूस, जो त्या क्षणी चहाच्या टपरीवर नव्हता.

ॲलेक्स झानार्डी या ड्रायव्हरची गोष्ट तर पोरांना मी स्वतः सांगते. १५ सप्टेंबर २००१, जर्मनीतलं लाउझिट्झरिंग. पिटमधून बाहेर पडताना गाडी गिरकली, दुसरी गाडी भर वेगात आडवी घुसली. दोन्ही पाय गेले, अंगातलं बहुतेक रक्त गेलं. शर्यतीबरोबर देशोदेशी फिरणारं डॉक्टरांचं पथक काही सेकंदांत पोहोचलं म्हणून तो बर्लिनच्या हॉस्पिटलपर्यंत जिवंत गेला. २००३ मध्ये तो त्याच ट्रॅकवर परतला, हाताने चालणाऱ्या गाडीत, आणि राहिलेल्या तेरा लॅप पूर्ण केल्या. पुढे बीएमडब्ल्यूमधून शर्यती जिंकला. लंडनच्या २०१२ च्या पॅरालिंपिकमध्ये हातसायकलवर दोन सुवर्णपदकं जिंकली, तीही ब्रँड्स हॅच या मोटर रेसच्या ट्रॅकवर, आणि रिओला आणखी दोन. यापेक्षा मोठी परत येण्याची गोष्ट मला माहीत नाही. पण नीट बघा, तो परतला ते जवळपास दोन वर्षांनी, गाडीत त्याच्यासाठी बदल करून घेऊन, सगळी तयारी करून. त्याची जिद्द त्या दोन वर्षांत होती. सहा दिवसांत असते असं त्याने कधी दाखवलं नाही.

रॉबर्ट कुबित्साला तर आठ वर्षं लागली. फेब्रुवारी २०११ मध्ये इटलीतल्या एका रॅलीत रस्त्याकडेचं लोखंडी कठडं गाडीत आरपार घुसलं, उजवा हात तुटता तुटता वाचला. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत तो परत दिसला २०१९ मध्ये, आणि २०२५ मध्ये ल मॉंची चोवीस तासांची शर्यत त्याच्या संघाने जिंकली. तो हात पूर्वीसारखा कधीच झाला नाही. त्याने डाव्या हाताला जास्त काम शिकवलं. आणि मार्टिन डोनेली नावाचा एक ड्रायव्हर होता, १९९० मध्ये हेरेझला गाडीचे तुकडे तुकडे होऊन तो सीटसकट ट्रॅकवर फेकला गेला. जगला, पायावर उभा राहिला, पण फॉर्म्युला वनच्या शर्यतीत परत कधीच उतरला नाही. तो काय कमी कणखर?

आता जरा कडू बोलते. आपल्याच राज्यात बैलगाडा शर्यत भरवायची तर बैल तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. त्या कायद्यासाठी आपण सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलो आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो वैध ठरवला. योग्यच झालं. बैलाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं, हे आपल्याला पटलं. डोक्यावर पडलेल्या पोराला बोलता येतं, एवढाच त्याचा गुन्हा आहे.

खर्चाचं म्हणाल तर हादरा ओळखायला यंत्र लागत नाही. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी साध्या माणसांसाठी केलेला छोटा तक्ता फुकट मिळतो. आपण कुठल्या मैदानावर आहोत? ही कितवी हीट? मागच्या रेसला कोण जिंकलं? उत्तर अडखळलं, तोल गेला, मळमळलं, तेच तेच विचारतोय, यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशीची रेस बंद. शंका असली तरी बंद. मार्शल म्हणून उभ्या केलेल्या कॉलेजच्या पोरांना हे अर्ध्या तासात शिकवता येतं. पडताना डोक्यावर होतं ते हेल्मेटही नंतर वापरातून बाद करायचं. बाहेरून चकचकीत दिसतं, पण आतला थर्माकोल एकदा दबला की पुढच्या वेळी तो धक्का घेत नाही. ते हेल्मेट धाकट्या भावाला देऊ नका. हेही होताना मी पाहिलंय.

"रेस म्हणजे जोखीम आलीच." आलीच. पण ज्याची नजर ठरत नाही असा रायडर फायनलच्या गर्दीत सोडला, तर ती जोखीम त्याची एकट्याची राहत नाही. त्याच्या मागून जंपवरून येणाऱ्याने काय कबूल केलं होतं?

निवेदक मंडळींना वेगळं सांगते, कारण मैदानावर खरी सत्ता तुमची आहे. पोरगा पडला की पहिली दोन मिनिटं त्याच्याबद्दल काहीच बोलू नका. उठला म्हणून ओरडू नका. पडल्यावर लगेच न हलणं हेच शहाणपण असतं, आणि तुमच्या आवाजाने तो मानेला धक्का देत उठतो. हॅकिनेनला किंवा झानार्डीला कुणी "उठ वाघा" म्हणत नव्हतं. आणि डॉक्टरने थांबवलं तर एवढंच जाहीर करा: "रायडर नंबर अमुक वैद्यकीय सल्ल्याने बाहेर, फी पुढच्या फेरीला जमा." लाउडाचं नाव घ्यायचंच असेल तर फुजीसकट घ्या.

हंगामाची पहिली फेरी जवळ आली आहे. रायडर ब्रीफिंगमध्ये मला आणि एका डॉक्टरांना वीस मिनिटं द्या, मानधन नको. तक्त्याच्या मराठी प्रती मी छापून आणीन. त्याआधी नियमपत्रिकेत एक ओळ टाका की वैद्यकीय अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम राहील, आणि त्याखाली कमिटीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. सही झालेल्या मैदानांवर मी हंगामभर येईन. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी मांडवासाठी दुसरं कुणी बघावं, माझं नाव पत्रकावर छापू नये.

उत्तराची वाट पाहते. कळावे, लोभ असावा.

आपली,
मेडिकलच्या मांडवातली फिजिओथेरपिस्ट